चाकोरी, चिखल आणि चाक : परभणीच्या जुन्या जीपला टायर कोणता?

१/
परभणी जिल्ह्यात जुनी जीप विकत घेणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढते आहे. गाडी घरी आली की पहिला खर्च टायरांवर होतो, आणि तो बहुधा चुकतो. साडेदहा इंच रुंदीचे टायर बसवून जीप रुबाबदार दिसते. भाद्रपदात तीच जीप पाणंदीत आडवी होते. माझे म्हणणे सरळ आहे : काळ्या रानातल्या जुन्या जीपला मूळचा अरुंद टायरच शोभतो आणि तोच उपयोगी पडतो. हे मत आवडीनिवडीचे नाही. त्यामागे या मातीचा आणि चाकाचा मोठा इतिहास आहे. म्हणून हा धागा.

२/
आरंभ मातीपासून करू. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन आपली काळी कसदार जमीन तयार झाली. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठांवर तिचा थर फार खोल आहे. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून चैत्रात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि श्रावणात तीच जमीन पायातली चप्पल ओढून घेते. चाकाच्या दृष्टीने हिचा स्वभाव दुहेरी आहे : खाली आधार देत नाही आणि वर चिकटल्यावाचून राहत नाही.

३/
आपल्या पूर्वजांनी या स्वभावाशी भांडण केले नाही. पक्क्या सडका होण्यापूर्वी दख्खनमधील धान्य, मीठ आणि कापूस मोठ्या प्रमाणावर चाकावरून नव्हे, तर बैलाच्या पाठीवरून जात असे. लमाणांचे तांडे हेच त्या काळचे मालवाहतुकीचे जाळे होते. खूर रुततो, पण तो उपसता येतो. रुतलेले चाक मात्र साऱ्या गाडीला सोबत घेऊन बसते. ज्या प्रदेशात तांडे शतकानुशतके टिकले, तिथे चाकाला मर्यादा आहेत हे लोकांना पुरते ठाऊक होते.

४/
शेजारच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई जिंकली. त्या मोहिमेतील त्याचा पत्रव्यवहार वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते : तोफांची जेवढी चिंता, तेवढीच तोफा ओढणाऱ्या बैलांची. पावसाळ्याच्या शेवटास या भूमीवरून तोफ हलवायची, तर प्रश्न शौर्याचा राहत नाही. तो चाक, बैल आणि वाट यांचा होतो. आपल्याकडे लष्करी इतिहास तलवारीचा लिहिला जातो. त्याचा अर्धा भाग चिखलाचा आहे.

५/
नंतर सडका झाल्या, आगगाडी आली. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली. पण मोटार सडकेपुरतीच होती. सडक सुटली की पुढे बैलगाडी. उंच लाकडी चाक, अरुंद लोखंडी धाव आणि वर्षानुवर्षांच्या ये-जा करण्यातून पडलेली चाकोरी. ‘चाकोरी’ हा शब्द आज आपण तुच्छतेने वापरतो. परंतु ती मुळात चाकाने कोरलेली वाट आहे. अनेक पिढ्यांनी दाबून घट्ट केलेला तो आधार, आणि पाणंदीत पावसाळ्यात भरवशाची असते ती तेवढीच पट्टी.

६/
आता जीपकडे येऊ. अमेरिकी सैन्याने १९४० मध्ये हलकी टेहळणी गाडी मागवली आणि १९४१ पासून विलीस व फोर्ड यांनी ती लाखोंच्या संख्येने बांधली. तिचा टायर होता ६.००-१६. म्हणजे रुंदी सुमारे सहा इंच, रिमचा व्यास सोळा इंच आणि चाकाची एकूण उंची साधारण साडेअठ्ठावीस इंच. युद्धानंतर १९५० च्या सुमारास आलेल्या एम-३८ या लष्करी जीपला ७.००-१६ टायर मिळाला. चाक उंच झाले, रुंदी एकाच इंचाने वाढली. हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

७/
भारतात जीप रुजवली ती महिंद्रांनी. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियाना येथे पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेली ही कंपनी त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जोडणी करू लागली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, आपल्याकडे तिचा वंश त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिला. प्यूजोच्या आराखड्यावरचे डिझेल इंजिन असलेली एमएम ५४० ही त्याच घराण्यातली. इंजिने बदलली, पण ६.००-१६ हे माप दीर्घकाळ सोबत राहिले.

८/
मराठवाड्याच्या स्मृतीत जीपचे स्थान निराळेच आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात येणे म्हणजे सरकार गावात येणे. लसीकरण, पीकपाहणी, मतपेट्या, दुष्काळी कामांची तपासणी : सडक जिथे संपे तिथून पुढे ही अरुंद चाकांची गाडी बैलगाडीच्या चाकोरीतून वाट काढत जाई.

९/
मग रुंद टायरची ओढ आली कुठून? वाळूतून. ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड याने १९२०-३० च्या दशकांत लिबियाचे वाळवंट मोटारींनी पालथे घातले. टायरमधील हवा कमी करावी, म्हणजे गाडी वाळूवर तरते, हा त्याच्या अनुभवाचा गाभा. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या तुकडीच्या ट्रकांना रुंद टायर होते. वाळू खाली खोल असते, पण ती चिकटत नाही. पुढे वाळवंटी शर्यती, चित्रपट आणि जाहिराती यांतून रुंद टायर हेच मर्दानी गाडीचे लक्षण ठरले. ती प्रतिमा आपण घेतली. तिच्याखालची वाळू मात्र तिकडेच राहिली.

१०/
चिकणमातीचा धडा वेगळा आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये रशियातील शरद ऋतूच्या चिखलात जर्मन सैन्याची मोटारवाहने अडकून पडली, तेव्हा उपयोगी पडल्या त्या तिथल्या शेतकऱ्यांच्या हलक्या, उंच चाकांच्या घोडागाड्या. यंत्रयुगातले सर्वांत गाजलेले सैन्य शेवटी खेड्यातल्या चाकाकडे वळले. ते चाक तिथल्या मातीने घडवलेले होते, हेच त्याचे सामर्थ्य.

११/
थोडे गणित करू. टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्र ढोबळमानाने चाकावरील वजन भागिले टायरमधील हवेचा दाब एवढे असते. एका चाकावर ३५० किलो वजन आणि दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब असेल, तर क्षेत्र सुमारे १७५ चौरस सेंटिमीटर. टायर रुंद असो वा अरुंद, यात फारसा फरक पडत नाही. दाब १.२ वर आणला की तेच क्षेत्र सुमारे २९० होते. मातीवर तरायचे असेल तर हवा कमी करावी लागते. नुसती रुंदी विकत घेऊन ते साधत नाही.

१२/
फरक पडतो तो आकारात. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंदाचा आडवा. आडव्या ठशाला पुढचा चिखल जास्त ढकलावा लागतो. आपली माती तर टायरला लिंपून बसते. नक्षीच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. जुन्या जीपचे मडगार्ड आधीच चाकाजवळ असते. रुंद टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासली की स्टिअरिंग वळत नाही. शिवाय सहा इंचांच्या चाकोरीत साडेदहा इंचांचे चाक मावत नाही. ते काठावर चढते आणि घसरते.

१३/
‘मग ट्रॅक्टरचे टायर रुंद कसे?’ हा रास्त आक्षेप आहे. ट्रॅक्टरच्या मागील चाकाचे एक प्रचलित माप १३.६-२८. त्याची उंची सुमारे सव्वाचार फूट. ते अत्यंत कमी हवेवर, सावकाश चालते, आणि त्याच्या उंच, विरळ खुरांतून माती गळून पडते. ट्रॅक्टरचे यश उंची, कमी दाब आणि मोकळी नक्षी या तिन्हींचे आहे. आपण त्यातली फक्त रुंदी उचलतो.

१४/
यंत्राचा हिशेबही पाहावा. ३१ इंच उंचीचा टायर बसवला की चाक सुमारे ९ टक्क्यांनी मोठे होते. जमिनीपासूनची उंची मात्र सव्वा इंचच वाढते. त्या बदल्यात प्रत्येक गिअर जड होतो, वेगमापक ५० दाखवतो तेव्हा गाडी ५४ च्या पुढे असते, आणि रुंद रिममुळे चाकाच्या बेअरिंगांवर व स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. चाळीस वर्षांच्या गाडीला हे झेपत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, हेही विसरू नये.

१५/
तर माझी निवड अशी. मूळचा ६.००-१६. रान फार खोल काळे असेल आणि मडगार्डाला घासत नसेल, तर फार तर ७.००-१६. नक्षी खोल आणि विरळ, जिच्यातून माती सुटेल. ट्यूबचा नायलॉन टायर, कारण पऱ्हाटीचे खुंट, तुरीची धसकटे आणि बाभळीचे काटे टायरची कड फाडतात, आणि ट्यूबचे पंक्चर कोणत्याही फाट्यावर निघते. चारही चाकांना आणि स्टेपनीला एकच माप. या जीपमध्ये पुढील व मागील धुऱ्यांमध्ये डिफरन्शियल नसते. मापे वेगळी असली तर फोर-व्हील लावताच गिअर आतल्या आत पिळवटतात.

१६/
घेताना टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असूनही रबर म्हातारे झालेले असू शकते. हवा कमी करून रानातून आल्यावर डांबरी सडकेवर जाण्याआधी ती पुन्हा भरावी. पायपंप गाडीतच असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : वाफसा नसेल तर रानात गाडी घालूच नये. ज्या जमिनीत शेतकरी औत घालत नाही, तिथे जीप घालणारा धाडसी नसतो. त्याला माती वाचता येत नाही, एवढेच.

१७/
हे सारे मी का लिहिते आहे, ते शेवटी सांगते. माझ्या आजोळी पावसाळ्यात वस्तीवर पोचणारी एकच गाडी आहे, एक जुनी जीप. गेल्या वर्षी मालकाने हौसेने तिला रुंद टायर लावले. भाद्रपदातल्या एका रात्री बाळंतिणीला न्यायचे होते. पाणंदीत चाके मातीने बांधली गेली. ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास गेले. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत, म्हणून ही गोष्ट आज हसून सांगितली जाते. मला मात्र हसू येत नाही.

१८/
त्या मालकाचा मला राग नाही. गाडी रुबाबदार दिसावी ही इच्छा त्यानेच कशी एकट्याने शोधून काढली असणार? खरा उपाय पाणंद रस्त्यांवर खडी-मुरूम पडणे हाच आहे, आणि तो शासनाकडे मागत राहायलाच हवा. तोवर जी गाडी आहे तिच्या चाकाचे माप तरी आपल्या मातीला विचारून ठरवावे. लमाणांनी विचारले, सुतारांनी विचारले, जीप बांधणाऱ्यांनीही बरेचसे विचारले. आपणच तेवढे विचारायचे सोडले.

१९/
धागा येथे थांबवते. तुमच्या गावात बैलगाडीच्या चाकाच्या भागांना काय म्हणतात, जुन्या चाकोऱ्या कुठे शिल्लक आहेत, आणि घरच्या जीपला कोणते माप होते, हे अवश्य कळवा. जमल्यास त्या टायरच्या कडेचे छायाचित्रही जोडा. ज्यांच्या शेजारी जुनी जीप आहे, त्यांनी हा धागा मृगाआधी त्या मालकापर्यंत पोचवावा.