कॉल संगणकावर घ्या, ओटीपी फोनमध्येच राहू द्या

दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याला प्रत्येक कॉलसाठी मोबाइल हातात घ्यावा लागू नये, ही अपेक्षा रास्त आहे. अ‍ॅपलने 2014 मध्ये आयफोनचे कॉल मॅकवर घेण्याची सोय दिली. विंडोजवर तेच काम आज मायक्रोसॉफ्टचे ‘फोन लिंक’ हे अ‍ॅप करते. ब्लूटूथने जोडलेला संगणक इथे मोटारीतल्या हँड्सफ्री संचासारखा वागतो. कॉल फोनमधल्या सिमवरूनच होतो, आवाज तेवढा संगणकाच्या माइक-स्पीकरमधून ये-जा करतो. हात थरथरत असल्याने ज्यांना छोट्या पडद्यावर बोट नेमके टेकवता येत नाही, त्यांच्यासाठी तर ही चैन नव्हे, गरज आहे. त्यामुळे ही सोय राहिलीच पाहिजे. आक्षेप आहे तो तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींना. अशी अ‍ॅप जोडणी करतानाच कॉलपाठोपाठ संदेश, सूचना आणि फोटो यांचीही परवानगी मागतात. घाईत सगळ्यांना होकार दिला जातो आणि बँकेचा ओटीपी संगणकाच्या पडद्यावर झळकू लागतो. कॉलची परवानगी बाकी परवानग्यांपासून वेगळी हवी आणि ओटीपी मुळात झाकलेलाच असावा.

आपल्याकडे मोबाइल क्रमांक हा केवळ बोलण्यासाठी उरलेला नाही. बँक खाते, आधार, आयकराचे संकेतस्थळ या सगळ्यांची किल्ली तोच आहे. पासवर्ड एका यंत्रावर आणि ओटीपी दुसऱ्या यंत्रावर, या अंतरातच दुहेरी पडताळणीचे बळ असते. दोन्ही एकाच पडद्यावर आले, की तो एक संगणक ताब्यात घेतला तरी चोराचे काम भागते. ही भीती काल्पनिक नाही. ‘एनीडेस्क’सारखे दूरनियंत्रणाचे अ‍ॅप घ्यायला लावून, त्यातला नऊ अंकी कोड विचारून खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना दिला होता. पुढे *401* ने सुरू होणारा क्रमांक डायल करायला लावून लोकांचे कॉल परस्पर वळवले जाऊ लागले. तेव्हा दूरसंचार विभागाने अशा कोडने कॉल वळवण्याची सेवा 15 एप्रिल 2024 पासून थांबवायला लावली. पद्धती वेगळ्या असल्या, तरी फोनवर येणारी गुप्त माहिती दुसऱ्या यंत्रावर पोहोचवणे हा दोन्हींचा गाभा होता.

यावर म्हटले जाते की, परवानगी वापरणाऱ्यानेच दिली, तेव्हा जबाबदारीही त्याचीच. पण एकामागून एक येणाऱ्या परवानग्यांमधली कोणती कॉलसाठी लागते आणि कोणती नाही, हे पहिल्यांदाच जोडणी करणाऱ्याने कसे ओळखायचे? जी परवानगी कॉलसाठी लागतच नाही, ती त्या वेळी मागू नये, हे कंपनीचे कर्तव्य आहे. दुसरे टोक सरसकट बंधनांचे. मेसेजिंग अ‍ॅपच्या संगणकावरील जोडण्या जास्तीत जास्त सहा तासांनी तुटल्या पाहिजेत, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2025 मध्ये काढला. विसरून उघड्या राहिलेल्या जोडण्यांना त्याने आळा बसेल, हे मान्य. मात्र फसवणूक काही मिनिटांत उरकते आणि कामाच्या दिवसात पुन्हापुन्हा जोडणी करण्याचा त्रास प्रामाणिक माणसाला होतो. जोडणी किती वेळ टिकते यापेक्षा तिच्यातून काय काय जाते, यावर नियम हवा. ते तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरचेही नाही. अँड्रॉइड 15 मध्ये ओटीपी असलेली सूचना अविश्वासू अ‍ॅपपासून झाकण्याची व्यवस्था आली आहे. ओटीपी ओळखता येतो, तर तो संगणकाकडे जाण्याआधी अडवताही येईल.

ओटीपी संगणकावर आपोआप भरला जाण्याची सोय काहींना प्रिय असेल. ज्याला ती हवी, त्याने ती जाणूनबुजून सुरू करावी. सर्वांवर ती लादली जाऊ नये. दूरसंचार विभाग आणि रिझर्व्ह बँक यांनी मिळून फोन बनवणाऱ्या आणि जोडणीची अ‍ॅप देणाऱ्या कंपन्यांना हा नियम घालून द्यावा. तोवर वाचकांनी एवढे करावे: जोडणी फक्त स्वतःच्या संगणकाशी ठेवावी, कॉल सोडून बाकी परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्यात आणि फोनवर कुणी कोड डायल करायला किंवा सांगायला लावले, तर तो कॉल तिथेच तोडावा. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.