संगणकाचे अंतरंग

संगणकाबरोबर आलेली कार्यप्रणाली निमूटपणे वापरावी, असे पुष्कळांना वाटते. बुलढाण्याकडील शेतकरी मात्र तिफणीचा सांधा सैल झाला, की स्वतः खोलून पाहतो. हौशी मुलांनी संगणकाशीही तसेच वागावे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या प्रणालीचा गाभा रचला आणि त्यातील सूचनांची मूळ संहिता सर्वांस खुली केली. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराटच्या शाळेत मुलांना मिळालेले छोटे संगणक याच गाभ्यावर चालत. त्यांच्या कळफलकावर मूळ संहिता पाहण्यासाठी एक निराळी कळच होती! ती प्रत्येक संगणकावर असावयास हवी होती. प्रयोगात काही बिघडणारच. म्हणून घरच्या कामाच्या यंत्रास हात न लावता अडगळीतला जुना संगणक घ्यावा. त्यावर हायकूसारखी हलकी, अल्पपरिचित प्रणालीही बहुधा चालते.