शेंडा वाळला म्हणून लिंब तोडू नका

झाडावर जगणारे दोन जीव पाहा. कडुनिंबाचे शेंडे करपवणारी फोमोप्सिस बुरशी पावसाच्या थेंबांबरोबर असंख्य बीजाणू पसरवते. पश्चिम घाटातील संकटग्रस्त सिंहपुच्छ वानराची मादी मात्र एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. सलग झाडी तुटली की कळप अडकून पडतो. बुरशीला रोखायचे आहे, वानराला वाचवायचे आहे. पण कुऱ्हाड हा दोन्हीकडे उपाय नाही.

औंढा नागनाथ परिसरात पावसाळ्यात लिंबाचे शेंडे वाळलेले दिसले, तर रोगट फांद्या छाटून नष्ट करा. लिंबाला अनेकदा पुन्हा पालवी फुटते. मराठवाड्यात सावली आधीच विरळ आहे. म्हणून लिंब तोडण्याआधी ग्रामपंचायतींनी कृषी अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावी.