घरटे पाहणे हीसुद्धा शिकारच

कॉलेजात मेघदूत शिकलो तेव्हा एवढे कळले होते की राजहंस मानसरोवराकडे जातात. तिथे जाऊन ते काय करतात, हे काही परीक्षेला नव्हते. चाळिशी उलटल्यावर एकदा जूनमध्ये लडाखला गेलो, तेव्हा ते पाहायला मिळाले. पाहताना माझ्या हातून एक चूकही झाली.

लडाखमधले त्सो कर हे खाऱ्या पाण्याचे सरोवर साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. जवळच स्तार्त्सापुक त्सो हे गोड्या पाण्याचे छोटे सरोवर. दोन्ही मिळून २०२० साली रामसर यादीत गेली. हिवाळ्यात आपल्या उजनीला, जायकवाडीला दिसणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले रानहंस, वसंतात हिमालय ओलांडून अशा ठिकाणी घरटी करतात. मादी चार ते सहा अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे एकटी उबवते. नर शेजारी पहाऱ्याला असतो.

काठालगत असेच एक घरटे दिसले. फोटोच्या मोहाने मी ओल्या गवतातून पुढे गेलो. नराने मान जमिनीसरशी लांब केली, तरी मला काही उमगले नाही. मादी उडाली आणि अंडी उघडी पडली. स्वतःहून उठली तर ती अंडी पिसांनी झाकून जाते, घाबरून उडाली तर तेवढा वेळ मिळत नाही. वर कुरव घिरट्या घालत होते. थंडीत आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर येतात तेच हे पक्षी. ड्रायव्हर ओरडला तसा मी मागे फिरलो. आम्ही गाडीत बसल्यावर वीस मिनिटांनी मादी परतली.

त्या उंचीवर उन्हाळा फार लहान असतो. पाणी गोठायच्या आत पिल्लांना उडता आले पाहिजे. जूनमधली अंडी गेली तर त्या जोडीचे वर्षच गेले.

मी कारकून माणूस, परत आल्यावर कायदा उघडून पाहिला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे येते. बंदूक हाती न धरताही मी त्या व्याख्येत बसत होतो!

हे काही लडाखपुरते नाही. आमच्या करमळीच्या तळ्यावरच्या अडई बदकांची वीण पावसाळ्यात असते. घरटे सापडले की चार मित्रांना बोलावून दाखवायचे, ही आपली हौस. कित्येक छायाचित्र स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. हाच नियम आपण आपल्यापुरता का करू नये? दुर्बिणीतून लांबून पाहावे, जागा कुणाला सांगू नये आणि पक्षी मान वर करून आपल्याकडे बघू लागला की मागे फिरावे.

माझ्याकडे त्या घरट्याचा एक फोटो आहे. तो इथे लावलेला नाही.