पावतीत न लिहिलेला गंज

निवडणूक जाहीर झाली की देशभरातील पोलीस ठाण्यांत एक परिचित दृश्य दिसू लागते. ज्यांना शस्त्र जमा करण्याचा आदेश मिळाला आहे ते परवानाधारक आपापल्या बंदुका आणि रिव्हॉल्व्हर घेऊन येतात. हवालदार परवान्यावरील क्रमांक शस्त्रावरील क्रमांकाशी ताडून पाहतो, नोंदवहीत एक ओळ चढते, पावती फाटते आणि शस्त्र मालखान्यात जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चपासून ६ जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा आठवडे लागू होती, आणि केरळात व ईशान्य भारतात पाऊस ३० मे रोजीच येऊन ठेपला होता. त्याआधीच्या वर्षी पश्चिम बंगालमध्ये पंचायत निवडणुकीचे मतदान ८ जुलैला, म्हणजे भर पावसाळ्यात झाले. या काळात मालखान्यातील पोलादाचे काय होते? मी पाहिलेल्या एकाही नोंदवहीत शस्त्राच्या अवस्थेसाठी रकाना नव्हता. क्रमांक, बोअर, मालकाचे नाव, तारीख, सही, बस्स.

आपल्या प्रशासनात ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ ‘कुलूपबंद’ असा झाला आहे. चोर आत येऊ नये याची तजवीज आपण करतो, पण हवा आत येते हे आपल्या गावीही नसते. वास्तविक पावसाळी प्रदेशात चोरापेक्षा हवाच अधिक बंदुका नेते. चोरीची निदान फिर्याद तरी होते.

यातील शास्त्र शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास ती राखली, तर तेलाचा पातळ हात दिलेले शस्त्र वर्षानुवर्षे टिकते. दुपारी तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असताना कपाट उघडले, तर तीच दमट हवा आत कोंडली जाते. रात्री पोलादी कपाट सव्वीस अंशांच्या खाली गेले की त्या हवेतील वाफ दवाच्या रूपाने धातूवर बसते. कपाट जितके घट्ट बंद, तितका तो ओलावा बाहेर जाणे कठीण. याचा अर्थ असा की केवळ दणकट तिजोरी घेतल्याने प्रश्न सुटत नाही, उलट कधी कधी तो वाढतो. आगीपासून बचाव करणाऱ्या अनेक तिजोऱ्यांच्या भिंतींत जिप्समचे थर असतात आणि ते स्वतःच ओलावा बाळगून असतात.

त्यात भर घालतात आपल्या सवयी. बंदूक चामड्याच्या म्यानासह जमा होते आणि म्यानातच राहते. चामड्यात कमावणीचे क्षार असतात, ते हवेतील पाणी ओढून घेतात आणि ते पाणी थेट नळीला लागून राहते. म्हणजे मालकाने ज्या म्यानावर प्रेमाने पैसे खर्च केले, तेच नळीला खाते. मखमलीचे अस्तर, फोमची गादी, जुन्या चादरीचे गुंडाळे यांचीही तीच कथा. हाताळणाऱ्याच्या घामाचे ठसे पुसले गेले नाहीत, तर आठवड्याभरात त्या बोटांच्या आकाराचा तांबूस डाग उमटतो. मालखाना बहुधा इमारतीतील सर्वांत अंधारी, बिनखिडकीची आणि गळकी खोली असते. तिथे जप्त दारूच्या बाटल्या, अपघातातील सायकली आणि रक्ताळलेल्या कपड्यांची गाठोडी यांच्या शेजारी, सादळलेल्या भिंतीला टेकून या बंदुका उभ्या असतात.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकू येते: ‘गंजल्या तर बरेच झाले, देशात बंदुका कमी होतील.’ हे उत्तर देणारे बहुधा सुशिक्षित असतात. बंदुका कमी करणे हे धोरण असू शकते, आणि त्यासाठी कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ज्याला आणखी कमी हव्यात त्याने संसदेत तसा प्रस्ताव आणावा, मालखान्याच्या भिंतीच्या ओलीकडे ते काम सोपवू नये. शिवाय गंजलेली बंदूक निरुपद्रवी नसते. आतून खड्डे पडलेली नळी बार उडवताना फुटू शकते, आणि ती असते रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या खांद्याला लावलेली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मालखान्यात केवळ जमा शस्त्रे नसतात, गुन्ह्यात जप्त केलेलीही असतात. रायफलीच्या किंवा पिस्तुलाच्या नळीतील आटे गोळीवर सूक्ष्म रेघा उमटवतात आणि घोड्याची टाचणी काडतुसाच्या बुडावर खूण सोडते. याच खुणांच्या आधारे तज्ज्ञ सांगतात की गोळी या शस्त्रातून सुटली. नळीत गंज चढला की ती साक्ष बदलते किंवा पुसली जाते. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि फेरतपासणीची वेळ येते, तेव्हा हाती उरतो एक तांबडा लोखंडी तुकडा. साक्षीदार फितूर झाला तर आपण हळहळतो, पण हा साक्षीदार तर आपल्याच कुलपात मूक झालेला असतो.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवणाऱ्याने, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये जुनागढच्या जकात अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या वाहनांच्या प्रकरणात शासनावरही तशीच जबाबदारी ठेवली. १९७७ मध्ये ठाण्यातून नाहीशा झालेल्या दागिन्यांची किंमत मालकिणीला देण्यास सांगितले. २००२ मध्ये तर मुद्देमाल ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नये, असे स्पष्ट बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत न्यायालयापुढील मालाची छायाचित्रे काढण्याची आणि विल्हेवाटीची मुदतबद्ध तरतूद आहे. मात्र निवडणुकीसाठी जमा होणारे शस्त्र हा मुद्देमाल नव्हे, त्याच्या मालकाने काहीही गुन्हा केलेला नाही. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा न करता छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहावे, हा दंडक मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांत आला. तो मनापासून पाळला तरी मालखान्यातील गर्दी पुष्कळ कमी होईल.

आणि विरोधाभास पाहा. २०१६ चे शस्त्र नियम नागरिकाकडून सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी घेतात. तेच शस्त्र शासनाच्या ताब्यात आले की हमी कोणी कोणाला द्यायची?

निधी नाही, ही सबब मला मान्य नाही. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. रंग बदलणारे सिलिका जेल ओले झाले की रंगावरून कळते, सुमारे एकशेदहा ते एकशेवीस अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा वापरता येते, आणि हे वर्षानुवर्षे करता येते. कॅल्शियम क्लोराइडचे स्वस्त डबे मात्र बंदुकीजवळ नकोत. ते पाणी शोषून स्वतःच खारे पाणी होतात आणि डबा कलंडला की पोलादाचा नाश ठरलेला. वीज असेल तर कपाटाच्या तळाशी बारीक वॅटची तापक कांडी आतली हवा दोन-चार अंश उबदार ठेवते, म्हणजे दव बसत नाही. काडतुसे अर्थातच तिथे नकोत, ती वेगळ्या कपाटात. शस्त्र म्यानातून काढून, कोरडे पुसून, तेलाचा हात देऊन, जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. महिन्यातून एकदा, कोरड्या हवेच्या दिवशी, उघडून पाहावे. यात कोणते तंत्रज्ञान परदेशातून आणायचे आहे?

देशातील अत्यंत पावसाळी जिल्ह्यांपैकी एक असलेल्या कोडगूमध्ये कोडव समाज पिढ्यान्‌पिढ्या बंदुका बाळगतो, त्यांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. भातलावणीच्या दिवसांत शस्त्रे ठेवून दिली जातात आणि सप्टेंबरच्या प्रारंभी कैलपोदच्या सणाला बाहेर काढून, स्वच्छ करून, फुले वाहून पुजली जातात. आपली खंडेनवमीही पाऊस ओसरल्यावरच येते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडील मराठी घरांत त्या दिवशी जुन्या तलवारी घासल्या जातात, तेव्हा त्या पूजेत देखभालीचे वेळापत्रकच दडलेले असते. ठाण्यांतही दसऱ्याला सरकारी शस्त्रांची पूजा होते. जमा शस्त्रांना मात्र त्या दिवशीही कोणी हात लावलेला मी पाहिलेला नाही.

अर्थात सरकारी शस्त्रांबाबतही फुशारकी मारण्याजोगे काही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात मानवंदनेसाठी उचललेल्या पोलिसांच्या रायफली झडल्याच नाहीत, आणि ते साऱ्या देशाने पाहिले. दोष काडतुसांचा की रायफलींचा, यावर चर्चा झाली. ती साठवली होती त्या खोलीत आर्द्रता किती होती, असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

माझी मागणी लहान आहे. जमा करतानाच्या पावतीवर शस्त्राच्या अवस्थेचा रकाना असावा, नळीचे आणि बाह्यभागाचे छायाचित्र जोडावे, परत देताना त्याच रकान्यापुढे दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि फरक आढळल्यास दुरुस्तीचा खर्च ठाण्याने द्यावा. ठाण्याच्या वार्षिक तपासणीच्या टिप्पणीत मालखान्यातील आर्द्रतेचा आकडा लिहिला जावा. यासाठी कायद्यात दुरुस्ती नको, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांचे एक संयुक्त परिपत्रक पुरे आहे. मात्र सिलिका जेलच्या दोन पाकिटांसाठी तीन दरपत्रके मागवू नयेत.