ओला कचरा गावाबाहेर जाऊ देऊ नका!



आपलं हिवरखेड आता नगरपरिषदेचं झालं. पण त्यासोबत शहरांची एक वाईट खोडही आपल्याकडे येऊ पाहते आहे : घराघरातला सगळा कचरा एकत्र करायचा आणि गावाबाहेर नेऊन ओतायचा. आमचा याला ठाम विरोध आहे.

याचा शेवट काय होतो, ते पाहायला लांब जायला नको. अकोल्याचा नायगावचा कचरा डेपो पाहून या, अमरावतीजवळचा सुकळीचा डेपो पाहून या. ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. तो सडतो, त्यातून मिथेन निघतो, ढीग पेट घेतात आणि धूर शेजारच्या वस्तीत शिरतो. घाण साऱ्यांनी करायची आणि भोगायची मात्र कडेला राहणाऱ्या गरिबाने, हे हिवरखेडात होता कामा नये.

आपल्या कचऱ्यात असतं तरी काय? आलूची सालं, भाजीचे देठ, चहाचा चोथा, शिळी भाकर. निम्म्याहून जास्त वजन यांचंच. हे आपण पन्नीत गाठ मारून नालीत फेकतो. नाली तुंबते, आणि वासाने आलेली गाय ते पन्नीसकट गिळते. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या गावात हे चालतं, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

खरं तर याच कचऱ्याचं खत होतं, आणि खताची विद्या तर वऱ्हाडातलीच. पुसदच्या नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी विटांचं साधं टाकं देशाला दिलं : 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं. काडीकचरा आणि मातीचे थर, शेण जेमतेम 100 किलो, आणि तीन-चार महिन्यांत काळंभोर खत. आपण मात्र पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवतो आणि खताची बोरी विकत आणतो!

ज्यांच्या घराला अंगण आहे, त्यांना टाकंही लागत नाही. जुन्या ड्रमला खालून-बाजूंनी भोकं पाडा. खरकट्याचा एक थर, त्यावर वाळल्या पाल्याचा किंवा कुटाराचा थर, सुरुवातीला थोडं शेण. आठवड्यातून एकदा खालीवर करा. मूठभर घेऊन दाबा : पाणी गळलं तर ओल जास्त झाली, कुटार टाका, भुरभुर सांडलं तर पाणी शिंपडा. घाण वास येतो तो ओल जास्त झाल्यामुळे आणि हवा न मिळाल्यामुळे. एवढं सांभाळलं की माश्याही होत नाहीत.

राहिली नगरपरिषद. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवण्याचं बंधन 2016 च्या केंद्रीय नियमांनीच घातलं. कोकणातल्या वेंगुर्ल्याच्या छोट्या नगरपरिषदेने तर कचऱ्याचं दोन डझनांहून अधिक प्रकारांत वर्गीकरण केलं आणि डम्पिंगची जागा लोकांनी पाहायला यावं अशी करून दाखवली. मग आपल्याकडे निदान हे तीन प्रकार का होऊ नयेत? आमची मागणी स्पष्ट आहे : प्रत्येक वॉर्डात नाडेप टाकी बांधा, बाजारातला भाजीपाला आणि मंगल कार्यालयांतलं उरलंसुरलं अन्न तिथंच जिरवा, आणि तयार खत शेतकऱ्यांना द्या.

आणि तुम्हा-आम्हांला एवढंच करायचं आहे. उद्यापासून घंटागाडीत ओलं वेगळं द्या. गाडीवर ते पुन्हा सुक्यात मिसळलं गेलं, तर तिथंच हटका आणि आपल्या नगरसेवकाला जाब विचारा.

— हिवरखेडचे काही नागरिक