यंत्र होते, नियम नव्हता

१/४ "खाणकामगारांचे प्राण विज्ञानाने वाचवले" हे विधान अर्धसत्य आहे.

२/४ हेन्री फ्ल्यूस यांचे श्वसनयंत्र १८७९ पर्यंत सिद्ध झाले होते. त्यात प्राणवायूचा साठा असे. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅश शोषून घेई.

३/४ तरीही १९०६ मध्ये फ्रान्समधील कुरिएर खाणीत १,०९९ जण मेले, तेव्हा श्वसनयंत्रांसह पथके जर्मनीहून आली. भारतात १९३६ च्या पोइडीह स्फोटाने २०९ बळी घेतले. कोळसाखाणींसाठी बचाव नियम झाले १९३९ मध्ये.

४/४ चामोर्शीहून वैनगंगेपलीकडे, चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्येच बंद झाली होती. तिचे सारे आयुष्य या नियमांविना गेले. विज्ञान वेळेवर आले होते. उशीर केला मालकांनी आणि सरकारने. वरोऱ्यात तर दोन्ही एकच होते.